आधी जागेचा कागद : मराठवाड्यातील पाच महापालिकांमधल्या सर्व पक्षांना खुले पत्र

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे शहराध्यक्ष, गटनेते आणि जाहीरनामे लिहिणारी मंडळी,
छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना

विषय : शहरातली गरिबी कमी करण्याच्या कामाचा क्रम

सप्रेम नमस्कार.

तुमचे जाहीरनामे आम्ही बारकाईने वाचतो, कारण त्यांतली एकेक ओळ पुढे वस्तीत अर्ज होऊन येते. 'प्रत्येकाला पक्के घर' असे छापले की बाया पिशव्या घेऊन रांगेला लागतात. पिशवी बहुधा साडीच्या दुकानाची असते. आत घडीवर फाटत आलेला शंभर रुपयांचा बाँड, पंधरा वर्षांपूर्वीचे लाइट बिल, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स आणि घरपट्टीची पावती. बाँडवर चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विकणाऱ्याची उरलेली जागा, दक्षिणेस नाली, उत्तरेस शेजाऱ्याचे घर. गट नंबर नसतो. असलाच तर त्या गटात विकणाऱ्याचा हिस्सा किती होता, ते नसते. नोटरीचा शिक्का ठसठशीत असतो, पण दुय्यम निबंधकाकडची नोंदणी नसते. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. त्या कुटुंबाच्या घरकुलाचा अर्ज इथेच थांबतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की मराठवाड्याच्या शहरांत गरिबीविरुद्धचे प्रत्येक काम जागेच्या कागदापाशी येऊन अडते. तुम्ही मात्र कागद सोडून बाकी सगळ्याची आश्वासने देता.

आधी पक्षांनी आजवर काय केले ते पाहू, कारण कोणाचीही पाटी कोरी नाही. 1995 साली शिवसेना-भाजप युतीने मुंबईत झोपडीधारकांना मोफत घरांची योजना आणली आणि एक रुपयात झुणका-भाकर दिली. महाविकास आघाडीने 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. केंद्रातल्या भाजप सरकारने 2015 मध्ये पंतप्रधान आवास योजना आणि 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी कर्ज आणले. महायुतीने 2024 मध्ये लाडक्या बहिणीला महिना दीड हजार सुरू केले. काँग्रेसने मध्य प्रदेशात 1984 सालीच शहरातल्या भूमिहीनांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद, देणारा कायदा केला. ओडिशात बिजू जनता दलाने 2017 मध्ये तसाच कायदा करून झोपडपट्ट्यांची ड्रोनने मोजणी केली. तिथला पट्टा वारसांना मिळतो, पण विकता येत नाही.

थाळी आणि दीड हजार यांना आम्ही कमी लेखत नाही. महिनाअखेरीस ज्या घरात डबे वाजतात तिथे दीड हजारांनी गॅसची टाकी येते, पोरांची वह्या-पुस्तके येतात. पण ते पैसे नळ आणू शकत नाहीत, हातगाडीची जप्ती थांबवू शकत नाहीत, घराखालची जागा नावावर करू शकत नाहीत. त्या तिन्ही गोष्टी महापालिकेच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या हातात आहेत. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा दहाव्या आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन अकराव्या क्रमांकावर आहे. ती दुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. म्हणजे 'हा राज्याचा विषय आहे' असे सांगून नगरसेवकाला हात झटकता येत नाहीत.

मुंबईची पुनर्वसन योजना इथे उचलून आणू, असे काही पक्ष सांगतात. तिचे गणित समजून घ्या. बिल्डर झोपडीधारकाला फुकट घर बांधून देतो आणि त्याचा खर्च जादा चटई क्षेत्र बाजारात विकून काढतो. जमिनीचा भाव आभाळाला टेकलेला असतो तिथेच हे जमते. संभाजीनगरच्या नारेगावात, मिसारवाडीत किंवा लातूर-परभणीच्या जुन्या भागांत विकायच्या सदनिकेचा भाव बांधकाम खर्चाच्या थोडाच वर असतो, त्यामुळे फुकटच्या घराचा भार उचलायला काही उरत नाही. बिल्डर येत नाही आणि आला तर अर्ध्यात सोडतो. शिवाय हातगाडी चौथ्या मजल्यावर चढत नाही, भंगाराचा काटा लिफ्टमध्ये बसत नाही.

मराठवाड्यासाठी योग्य वाट राहत्या जागी स्वतःचे घर स्वतः बांधण्याची आहे. आवास योजनेत तिच्यासाठी घटक आहे : केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, मिळून अडीच लाख. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवासमधून शहरात तेवढेच मिळतात. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भूमिहीनांना राज्याने पट्टा देऊन या घटकात बसवावे अशी मुभाही आहे. मग अडते कुठे?

पहिली अडचण कागदाची, ती वर सांगितली. दुसरी हप्त्यांची. पैसा बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतो आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जिओ-टॅग व्हावा लागतो. मजुराने जोते आधी स्वतःच्या पैशाने उभे करायचे. तो खासगी सावकाराकडून महिना शेकडा पाचने उचलतो. हप्ता चार महिने लांबला तर 50 हजारांवर दहा हजार व्याज होते, आणि तेवढ्या पैशांचा स्लॅब कमी पडतो. तिसरी अडचण खर्चाची. योजनेतले किमान घर 30 चौरस मीटरचे, म्हणजे 323 चौरस फूट. साधे आरसीसी काम चौरस फुटाला दीड हजार धरले तरी 4 लाख 84 हजार होतात. अनुदान वजा जाता 2 लाख 34 हजारांचे भगदाड राहते, आणि कागद नसलेल्याला बँक ते बुजवू देत नाही. लिंटेलपर्यंत येऊन गंजत उभ्या असलेल्या सळया दिसतात, त्या या तिसऱ्या अडचणीच्या. चौथी अडचण जागेच्या आकाराची. जुन्या वस्तीतला प्लॉट दहा बाय पंधरा, म्हणजे 150 चौरस फूट. दुसऱ्या टप्प्यातले घर किमान 30 चौरस मीटर हवे. त्याला एकच उपाय आहे : लागून असलेल्या दोन-तीन घरांचा एकत्र नकाशा, सामाईक भिंत, सामाईक जिना आणि तळमजला अधिक एक. असा नमुना नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागाने एकदाच मंजूर करून ठेवला तर प्रत्येक कुटुंबाला वेगळा आर्किटेक्ट शोधावा लागणार नाही.

आता कागदाचे काम कसे करायचे ते सांगतो, कारण 'मालकी हक्क देऊ' हे वाक्य सगळेच छापतात आणि पुढे काय, ते कोणी लिहीत नाही.

प्रत्येक वस्तीखालच्या जमिनीची जात आधी ठरवावी लागते. सरकारी महसुली जमीन असेल तर निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. तिथे निवासी अतिक्रमण नियमित करण्यासाठी 1 जानेवारी 2011 ही रेषा धरली जाते. महापालिकेची जमीन असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. खासगी शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट असतील तर 2001 चा गुंठेवारी कायदा. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. संभाजीनगरातल्या कष्टकऱ्यांचा मोठा हिस्सा या गुंठेवारीत राहतो, आणि नियमितीकरणाची रक्कम एकरकमी भरायची म्हटली की मागे फिरतो.

चौथी जात खास आपल्याकडची आहे : निजाम काळातली इनाम जमीन. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली, खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतर यातल्या बऱ्याच जमिनी भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, म्हणून राहिल्या. परवानगीशिवाय विकलेल्या अशा जमिनीवरचा बाँड पिढ्यानपिढ्या हस्तांतरित होत राहिला, तरी मूळ दोष जात नाही. आणि पाचवी, वक्फची जमीन. ती नियमित होत नाही, तिथे भाडेपट्ट्याची वाट शोधावी लागते. वक्फ मंडळाचे मुख्यालय संभाजीनगरातच पाणचक्कीला आहे, तरी महापालिका, महसूल आणि वक्फ मंडळ यांनी एका टेबलाशी बसून वस्तीवार यादी करायला हवी, हे कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमात दिसत नाही. पाचही जातींना एकच 'मालकी हक्क' शब्द वापरला की कार्यकर्त्यालाही कळत नाही नेमका अर्ज कुठे करायचा.

जमिनीची जात ठरली की मोजणी. भूमी अभिलेख विभागाकडे एकेका घराची मोजणी मागू नका, पूर्ण वस्तीची मागा. त्याचे शुल्क महापालिकेने भरावे. मोजणीच्या दिवशी प्रत्येक दारावर रंगाने क्रमांक टाकावा आणि तोच क्रमांक नकाशावर, यादीवर, पुढे नळजोडणीवर चालवावा. यादीचे वाचन वस्तीतच व्हावे, रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर, कारण सकाळी नऊ वाजता कामगार अड्ड्यावर असतो. हरकतींना पंधरा दिवस. भाडेकरू आणि घरमालक यांचा वाद इथे हमखास निघतो. त्यासाठी निकष आधीच लिहून ठेवावा, नाहीतर यादी वर्षभर अडकते. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा. पत्नीचे नाव 'नंतर घालू' म्हटले की ते राहतेच.

नाल्यातल्या आणि पूररेषेतल्या घरांना हे लागू होणार नाही, ते आधीच सांगा. संभाजीनगरात खाम आणि सुखना, नांदेडला गोदावरी. तिथल्या लोकांना दोन-तीन किलोमीटरच्या आत जागा द्यावी लागेल. दहा किलोमीटरवर नेले तर रिकाम्या इमारती उभ्या राहतील आणि माणसे पुन्हा नाल्यावर येतील, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन्ही वेळचे रिक्षाभाडे परवडत नाही.

'अतिक्रमणाला बक्षीस कशाला' असे तुमच्यातले काही विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पण दुष्काळात गाव सुटलेल्या माणसाला विकत घेता येतील असे छोटे प्लॉट या शहरांनी कायदेशीर मार्गाने पुरेसे दिलेले नाहीत. गाव सोडणारी माणसे थांबली नाहीत, प्लॉट मात्र बाँडवरच मिळत राहिले. नवीन बाँड थांबवायचा असेल तर विकास आराखड्यात पाचशे चौरस फुटांचे नोंदणीकृत प्लॉट राखून ठेवा.

पाणी मात्र कागदाची वाट पाहू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले आहे की घर अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येत नाही. तरीही नळासाठी मालकीचा पुरावा मागितला जातो. तो मागणे बंद करा, दारावरचा क्रमांक पुरे.

पाणी येऊनही काय होते ते एका खोलीत उभे राहून मोजा. माणशी 135 लिटर हे भूमिगत गटार असलेल्या शहराचे मानक आहे, नसलेल्याचे 70. आपण 70 धरू. पाच माणसे, सहा दिवसांआड पाणी : 2,100 लिटर. दोनशे लिटरचे साडेदहा ड्रम. एक ड्रम जवळपास चार चौरस फूट जागा खातो. 150 चौरस फुटांच्या घरात 42 चौरस फुटांवर ड्रमच. म्हणजे बाळंतिणीची खाट टाकायची जागा. त्या साठवलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, आणि तळचे पाणी पुढचे पाणी येईपर्यंत कोणी ओतून देत नाही. 'कोरडा दिवस पाळा' असे पत्रक वाटणाऱ्याने हा हिशोब करून पाहावा.

मोठी योजना पूर्ण व्हायची तेव्हा होवो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही स्टेशनात उतरलेले पाणी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत कसे जाणार हा प्रश्न उरलाच होता. तोवर दहा-दहा घरांमागे एकवीस हजार लिटरची सामाईक टाकी बांधता येते. वरचाच हिशोब : दहा घरे, 21 हजार लिटर. टाकीला मीटर, दर महिन्याला धुण्याची पाळी बचत गटाकडे आणि त्याचे मानधन महापालिकेकडून. मानधन ठेवले नाही तर टाकी तिसऱ्या महिन्यात शेवाळते. मुख्य लाइनवर थेट मोटार लावून पाणी ओढणारे असतील तर लाइनच्या शेवटच्या घरांना हवाच मिळते, म्हणून टाकीची जोडणी व्हॉल्व्हच्या जवळ घ्या. आणि लाइनमनचे वेळापत्रक वस्तीत फळ्यावर लिहा. रात्री दोनला पाणी सोडले की बाईचा दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो.

आता कमाईकडे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावण्याची तरतूद आहे. 2011 च्या जनगणनेची पावणेबारा लाख लोकसंख्या धरली तरी संभाजीनगरात ही मर्यादा 29 हजारांवर जाते, साडेपाच लाखांच्या नांदेडात पावणेचौदा हजारांच्या आसपास. कायदा म्हणतो, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे वाटून होईपर्यंत कोणाला हलवायचे नाही. हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी हातात द्यायची. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत सोडायचा. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. शहागंज, गुलमंडी, पैठण गेट परिसरातल्या किती हातगाडीवाल्यांच्या खिशात हे प्रमाणपत्र आहे, ते तुमच्या वॉर्ड प्रमुखाला विचारा.

स्वनिधीचे पहिल्या टप्प्याचे कर्ज 2025 पासून दहाऐवजी पंधरा हजारांचे झाले, पुढे पंचवीस आणि पन्नास हजार. योजना मार्च 2030 पर्यंत आहे. चांगली आहे, कारण तिच्यापुढे पर्याय कोणता ते पाहा : 'डेली'वाला दहा हजारांचे नऊ हजार हातात देतो आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस घेतो. सरासरी थकबाकी साडेचार हजार धरली तर वर्षाला सुमारे 80 टक्के व्याज. पण महापालिकेचा एक विभाग कर्जाची शिफारस करतो आणि दुसरा महिनाअखेरीस तीच गाडी उचलून नेतो. गाडी आठ दिवस गोदामात राहिली की हप्ता चुकतो, हप्ता चुकला की दुसऱ्या टप्प्याचे कर्ज गेले आणि माणूस पुन्हा डेलीवाल्याकडे. यावर उपाय एका परिपत्रकाचा आहे : शिफारसपत्र ज्याच्याकडे आहे त्याची गाडी समितीच्या ठरावाशिवाय हलवायची नाही.

कामाच्या हमीबद्दल. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्याला काय शिकवले ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. त्यातून 1977 चा रोजगार हमी कायदा आला, आणि त्याच्या खर्चासाठी 1975 पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आजही पगारपत्रकावर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. पैसा शहरातून जातो, हमी मात्र गावालाच. मजूर जालन्याच्या स्टीलच्या पट्ट्यात किंवा संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत उतरला की रोजगार हमीचे जॉबकार्ड गावातच राहते. केरळात डाव्यांनी 2010 मध्ये, हिमाचलात भाजपने 2020 मध्ये, राजस्थानात काँग्रेसने 2022 मध्ये शहरी हमी दिली. म्हणजे विचारसरणी आडवी येत नाही.

एका महापालिकेने दोन हजार कुटुंबांना शंभर दिवस 450 रुपये रोजाने काम द्यायचे ठरवले तर मजुरीला नऊ कोटी लागतात. कामे हवी तेवढी आहेत : पावसाळ्याआधी नाल्यांतला गाळ, शाळांची रंगरंगोटी, झाडांची निगा, विहिरींची साफसफाई. पगार दर शनिवारी व्हायला हवा. पंधरवड्याने पैसे दिले तर रोज संध्याकाळी मजुरी घेणारा माणूस येणार नाही, आणि मग हजेरीपटावर ठेकेदाराची माणसे भरली जातात. अड्ड्यावर गवंड्याला याहून जास्त मिळते, म्हणून या कामावर मुख्यतः बाया आणि वय झालेली माणसे येतील. तशीच कामे निवडा. पाळणाघर कामाच्या जागी ठेवा.

गरीब कोण, हे ठरवण्याची पद्धतही बदला. ही मागणी मुंबईत बसणाऱ्या तुमच्या आमदारांसाठी आहे. शहरात प्राधान्य गटाच्या रेशनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59 हजार आहे. म्हणजे पूर्ण कुटुंबाचे दिवसाला 162 रुपये. संजय गांधी निराधार योजनेसाठी 21 हजार, लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख, घरकुलासाठी तीन लाख. एकाच घरातली विधवा सासू आणि सून यांना वेगवेगळे दाखले काढावे लागतात, आणि खरा आकडा लिहिला तर रेशन जाते. राज्याचा रेशनचा कोटा 2011 च्या जनगणनेवर, 7 कोटी 16 हजार माणसांवर, गोठलेला आहे. शहरी भागात जेमतेम 45 टक्के लोक त्यात बसतात. नवे नाव जुने कमी झाल्यावरच चढते. एजंटांचे दुकान यावरच चालते.

पैसा कुठून आणायचा? महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला-बालकल्याण, दिव्यांग आणि मागास घटकांसाठी प्रत्येकी पाच टक्के राखीव असतात. तो निधी मार्चमध्ये घाईने शिलाई मशीन, बाकडी, गट्टू आणि कमानींवर संपतो. दलित वस्तीचा निधी वस्तीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर पडतो. या निधीतून वस्तीची मोजणी, सामाईक टाक्या आणि घरकुलाच्या जोत्यासाठी बिनव्याजी उचल यांपैकी जे जिथे नियमात बसेल ते करा. जोत्याला 50 हजारांची उचल आणि ती पहिल्या हप्त्यातून वळती, एवढ्यानेच सावकार बाजूला होतो.

आम्ही तुमच्या प्रत्येक शहर शाखेकडून चार कागद मागत आहोत. तुमच्या शहरातल्या प्रत्येक वस्तीचे नाव आणि तिच्याखालच्या जमिनीची जात. यातल्या किती वस्त्या 1971 च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहेत आणि किती अघोषित, त्यांची यादी. पथविक्रेता समितीच्या शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त. आणि मागच्या तीन वर्षांत राखीव निधी कोणत्या कामावर गेला, त्याचा तक्ता. चारही महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतात. सत्तेत असाल तर अर्जाचीही गरज नाही. वस्त्यांची नावे भरायला आणि घरोघर क्रमांक टाकायला आमची माणसे तुमच्यासोबत फिरतील, पक्ष कोणताही असो.

आपले,
वस्त्यांमध्ये घरकुल, पाणी आणि फेरीवाल्यांच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते
मराठवाडा